नाव न घातलेली डबी

आदरणीय थोरले बंधू मानोंग नेस्तोर यांना,

धाकट्या तेरियोने इथूनच, गिंबालहून, नमस्कार म्हणून तुमचा हात कपाळाला लावला असं समजावं. टोरांटोच्या बर्फात गुडघे काय म्हणतात? मानांग फे वहिनींचा रक्तदाब? आमच्याकडे सगळे खुशाल. मीही खुशाल आहे, फक्त गेल्या रविवारपासून गावात तोंड दाखवायची सोय उरलेली नाही. अर्थात छप्पन्नाव्या वर्षी माझं तोंड बघायला कोण ताटकळलं होतं म्हणा!

तुमचा खोका पोचला, शतशः आभार. आणि माझं ऐकल्याबद्दल तर विशेष आभार. लहानपणापासून तुम्ही माझं एक अक्षर ऐकलं नाहीत (नारळाच्या झाडावर चढू नका म्हटलं, चढलात, परिचारकाची नोकरी धरून कॅनडाला जाऊ नका म्हटलं, गेलात). आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंत ते नेमकं इथे. मी लिहिलं होतं, "त्या वस्तूवर नाव घालू नका." तुम्ही नाही घातलंत. वा! काय हा आज्ञाधारकपणा!

आठवण करून देतो. त्या प्रोस्टेटने मला वर्षभर छळलं. दुखणं गेलं, पण भीती मुक्कामाला राहिली, आणि लुमेन आणि मी एका पलंगावर बोटीतल्या अनोळखी उतारूंसारखे झोपू लागलो. शेवटी तिने मला ओढत इलोइलोच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं (बाईंचं वय पाहून मला वाटलं, माझ्या शाळेचा दाखला मागायला आली असेल). बाईंनी तपासलं आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्या तसं म्हणाल्या, सूज गेली आहे, घाबरायचं कारण नाही. आणि त्या ग्रंथीत नुसतं दुखणंच नसतं, सुखही असतं, फक्त लाजेपायी बऱ्याच पुरुषांना मरेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. हवं असेल तर नीट करा. घाई नको, वंगण भरपूर, साधन रुंद बुडाचं, आणि दुखलं की थांबायचं. मी छताच्या पंख्याची पाती मोजत होतो. लुमेन लिहून घेत होती. (वंगणाचं तिने दोनदा विचारलं.) येताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "तेरियो, मला माझा नवरा परत हवाय." आता गावातल्या औषधाच्या दुकानात बसते माझीच जुनी विद्यार्थिनी, तिच्यापुढे मी काय मागणार? म्हणून ते साधन पाठवा असं तुम्हाला लिहिलं.

आता खोका उघडण्याचा सोहळा तुम्हाला काय सांगायचा! तिया सोलिंग, आपल्या सगळ्यांची वडीलधारी, वय एक्याऐंशी, हातात कात्री, आणि भोवती तेवीस नातेवाईक. प्रत्येक वस्तूवर तुमची चिकटपट्टी, पट्टीवर नाव. डबाबंद मांस अमक्याचं, लोशन तमकीचं, चॉकलेट सगळ्यांचं (म्हणजे तुमच्या भावाचं, बेनहूरचं). मग निघाली एक करडी डबी. बिननावाची. आणि आपल्या घराण्याचा कायदा तुम्हाला ठाऊक आहे, ज्यावर नाव नाही त्याची मालकीण तिया. तरी बिचारीने तीनदा विचारलं, "कुणाचं आहे रे हे? हात वर करा!" बत्तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो, लाजू नका, हात वर करा. मी मात्र दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तियाने डबी उघडली, आतल्या यंत्राचं बटण दाबलं, कानाशी धरलं, आणि जाहीर केलं, "मानेचं मशीन दिसतंय."

पुढचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. तिया ओसरीवर बसून ते मानेला लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, कॅनडाचं आहे, फार गुणकारी. गल्लीतल्या दोघी म्हाताऱ्या रांगेत. मी समोरून गेलो की हाक मारायची, "तेरियो, तुझी मान कशी आहे रे?" मी म्हणायचो, उत्तम. घरी आलो की लुमेन बोलायची नाही. शनिवारी बोलली. "तुझी लाज तुझ्याजवळ ठेव. पण मग पलंगावर तिलाच घेऊन झोप. मी निघाले पोरीच्या खोलीत." मानोंग, ती थट्टा करत नव्हती. उशी तिच्या काखेत होती.

रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सगळे जेवायला तियाकडे. सूप वाढता वाढता ती म्हणाली, "हे आता फादरना देऊन टाकते, त्यांचा गुडघा धरतो." माझ्या डोळ्यांसमोर तो पवित्र गुडघा आला आणि पाठोपाठ ती उशी आली. मी उठलो. हात वर केला, अगदी दुसरीतल्या पोरासारखा. म्हणालो, "तिया, ते माझं आहे. मानेचं नाही, प्रोस्टेटचं. माझं आणि लुमेनचं." बेनहूरच्या नाकातून सूप आलं. हसून हसून त्याने टेबल बडवलं. लुमेनने मात्र टेबलाखाली माझा दुसरा हात घट्ट धरला, आणि खरं सांगतो, मला रडू फुटायचं बाकी होतं.

तियाने चमचा खाली ठेवला. "मला काय दूधखुळी समजतोस? चाळीस वर्षं गावातली बाळंतपणं केली मी. तुम्ही सगळे कुठून आणि कसे आलात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तीनदा विचारलं होतं, हेडमास्तर. फादरचं नाव काढलं तेव्हा कुठे तुझा हात वर झाला." मी म्हटलं, मग द्या आता. तर म्हणते, "छे! माझ्या मानेला गुण आलाय. तू दुसरं मागव."

बाकी क्षेम. लहानथोरांना यथायोग्य सांगावे.

आपला,
एलेउतेरियो
(हेडमास्तर म्हणून निवृत्त, निर्लज्ज म्हणून नुकताच रुजू)

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या खोक्यात तसलंच दुसरं पाठवा. पट्टीवर माझं पूर्ण नाव घाला, आईच्या माहेरच्या आडनावासकट, जाड शाईने.

पुन्हा ता. क. लुमेनने पत्र वाचलं. ती म्हणते, शेजारी तिचंही नाव घाला. आणि वंगण तेवढ्याशा बाटलीत पाठवू नका. (उशी जागेवर परत आली आहे.)

आणखी एक. दोन पाठवा. तुमचा सख्खा भाऊ बेनहूर काल कुंपणापाशी येऊन अर्धा तास कोंबड्यांबद्दल बोलला, मग जमिनीकडे बघत म्हणाला, त्यालाही एक हवंय, पण नाव नको. त्याच्या डबीवरही माझंच नाव घाला. तियाने विचारलं की मी हात वर करीन.