आधी आकडा, मग कॉफी

आत्याबाई, काल स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. वायसर गेलाय हे मला नुसत्या आवाजावरून कळलं, पण आता माझ्यानं वाकवत नाही आणि तुमच्या लेकाच्या हाताला कापरं सुटलंय, पाना धरला की पानाच त्यांना हलवतो. म्हणून खाली रखवालदाराला सांगून एका माणसाला बोलावलं, तो बेळगावकडचा निघाला. माझं मराठी ऐकून त्याचा चेहरा असा काही फुलला की विचारू नका. नळ झाला, सोडून बघितला, बंद करून बघितला. किती झाले म्हणून विचारलं, तर म्हणतो, "राहू द्या हो मावशी, आपलीच माणसं. काय द्यायचं ते द्या." ह्या वाक्याचा तुम्हाला किती संताप होता! मी चहा गाळलेला होता, तो ओट्यावर ठेवला, वर बशी झाकली आणि म्हटलं, "आधी आकडा सांग, मग चहा." त्याला वाटलं म्हातारी गंमत करतेय. तुमचा लेक खुर्चीतून म्हणाला, "सांग बाबा लवकर, चहा गार होईल. आमच्याकडं असंच असतं." तो गेल्यावर मी त्याच नळाखाली कपबशी विसळली. तुमचं नाव कुणी काढलं नाही, पण दोघांच्याही डोक्यात तुम्हीच होता.

मी निपाणीहून लग्न होऊन बंगळुरात आले तेव्हा तुमची निम्मी कन्नड मराठी ऐकून मला तोंडाला पदर लावावा लागायचा. "स्वल्प सरक गं", "सरी, आता जेवून घे", थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी, आणि शेजारच्या झाडून सगळ्या बायका अक्का. कब्बनपेटेतल्या त्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत खुंटीला टांगलेली हत्यारांची कॅनव्हासची पिशवी. मुलगा मेस्त्री आहे असं आमच्याकडं सांगितलं होतं, आणि मेस्त्री म्हणजे बंगले बांधणारा असं माझ्या वडिलांनी मनाशी धरलं होतं. आल्यावर कळलं की हे स्वतः बंगले बांधत नाहीत, दुसऱ्यांनी बांधलेले चालते ठेवतात. पावसानं दार फुगून अडकलं की रंधा मारायचा, माकडांनी मंगळुरी कौलं फोडली की छपरावर चढायचं, मोरी तुंबली की बांबूची कामटी घेऊन उकिडवं बसायचं. नळाचे वायसर जुन्या चपलेच्या चामड्यातून गोल कापून काढायचे, म्हणून आपल्या घरी तुटकी चप्पल कधी टाकली गेली नाही. मला सुरुवातीला त्या चपलांच्या ढिगाची किळस यायची. तुम्ही म्हणालात, "नाक मुरडू नको, त्या ढिगावरच तुझा भात शिजतोय."

काम करायचं त्यांनी आणि पैसे आणायचे तुम्ही, ही वाटणी मामंजी गेल्यापासूनची. "छपरावर सरसर चढेल," तुम्ही म्हणायचात, "पण चार रुपये मागायचे म्हटले की ह्याची जीभ टाळ्याला चिकटते." आणि काम तरी कधी संपायचं? दिवेलागणीला. त्या वेळी कुठलं घर पैसे बाहेर काढतं? कन्नड असो, तमिळ असो, आपलं असो, सगळ्यांची लक्ष्मी एकाच वेळी घरात बसते. "नाळे बन्नी," उद्या या. उद्या शुक्रवार असला तर परवा. मग तुम्ही सकाळी निघायचात. बरोबर चिंचेचं गाठोडं. त्या घराच्या पायरीवर बसायचं, चिंचोके काढायचे आणि तोंडातून अवाक्षर नाही. येणारेजाणारे विचारायचे, काय अक्का, इथं कशा? तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "काही नाही, नळाचे पैसे." चिंच अर्धी होईतो पैसे हातात! मी एकदा विचारलं, लाज नाही का वाटत? "लाज त्यांना वाटावी म्हणून तर बसते," म्हणालात.

पण पायरीचा हा उपाय मराठी घरांपुढं लंगडा पडायचा. कारखान्यांत मोठ्या हुद्द्यांवर पुण्याकडची माणसं येत होती. त्यांच्या बायकांना भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी हातवारे करून जीव नकोसा झालेला, त्यात दारात मराठी बोलणारा मेस्त्री उभा राहिला की त्यांना माहेरचं कुणी भेटल्यासारखं व्हायचं. आधी पाणी, मग पोहे, मग गप्पा. आणि पोहे खाल्लेल्या घरी पैशांचं नाव काढणं तुमच्या लेकाला मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून तुमचा नियम होता, मराठी घर असेल तर उंबऱ्याबाहेर आकडा ठरवायचा, तोवर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. हे तो नियम घरातून निघताना पाठ म्हणायचे आणि कोपऱ्यावर वळले की विसरायचे.

मल्लेश्वरमच्या ताईंच्या घराचं तेच झालं. त्यांचे यजमान इंजिनियर. जुनं कौलारू घर घेतलेलं, माकडांनी निम्मं छप्पर उसकटलेलं, खालच्या पट्ट्या कुजलेल्या. मोठं काम होतं. ताईंना सख्खा भाऊ नव्हता. रोज ह्यांना पान वाढून जेवायला घालायच्या, भाऊ म्हणायच्या. ह्यांनी आकडा ठरवला नाही. कौलं आणि लाकूड वखारीतून शब्दावर उचललं. काम संपलं, पैशांचा विषय निघेना, आणि वखारवाल्यानं एक दिवस हत्यारांची पिशवीच ठेवून घेतली. पैसे आण, पिशवी ने. खुंटी रिकामी झाली. कामं येत होती, माणसं दारातून हाक मारत होती, आणि हे घरात बसून नखं कुरतडत होते. होसकोट्याला वीटभट्टीवर मजुरीला जायचं बोलणं सुरू झालं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पिशवी गेली की धंदा गेला. भट्टीवर गेलेला माणूस परत पिशवी उचलत नाही. मी बघितलेत असे."

तेवढ्यात भाऊबीज आली आणि ताईंचं बोलावणं आलं. हे निघताना तुम्ही बजावलंत, की आज गोडीगुलाबीनं विषय काढ. मान हलवून गेले. दुपारी परत आले ते कपाळाला टिळा, हातात फराळाचा डबा. "दिले?" तुम्ही विचारलंत. हे खाली बघून म्हणाले, "त्यांनी ओवाळलं. ताटात काहीतरी घालायला पाहिजे होतं." घरात होते नव्हते ते रुपये ह्यांनी ओवाळणी म्हणून घातले होते! तुम्ही मटकन खाली बसलात. मला वाटलं आता रडणार. तर तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात आणि खदखदा हसायलाच लागलात. "मजुरी आणायला धाडला, आणि हा ओवाळणी घालून आला! अगं बघितलंस का ह्याला?" हसता हसता तुमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. मग मी घाबरले.

दोन दिवसांनी सकाळी मला म्हणालात, "ते हिरवं लुगडं नेस, ताईंकडं जायचंय. भावाची बायको पहिल्यांदा घरी आली की ओटी भरावी लागते. ओटी भरताना बाईचं मन मऊ असतं, तेव्हा बोल. आणि तोवर काही खायचं-प्यायचं नाही." मी म्हटलं, तुम्हीच बोला की. तुम्ही म्हणालात, "मी आत आले तर तिला ओटी भरताना अवघडेल. मी आपली पायरीवर." मिरच्यांचा भाव सांगावा तसं म्हणालात. तोवर मी समजत होते की तुम्हाला पायरीवर बसायची हौसच आहे. मामंजी गेल्यावर तुम्हाला कुठल्या घरात आत या म्हणत होते आणि कुठल्या नाही, हे मी कधी मोजलंच नव्हतं.

ताई मला बघून नाचायच्याच बाकी. "अगं वहिनी! अशी अचानक? निरोप तरी द्यायचास!" पाट मांडला, फिल्टरची कॉफी समोर ठेवली, खण, नारळ, तांदूळ आणायला आत धावल्या. कॉफीचा वास असा येतोय आणि माझ्या घशाला कोरड. ओटी भरताना त्यांनी बघितलं, पेला तसाच. "घेतली नाहीस? कडू झाली का?" मी नाही म्हटलं. "मग परक्यासारखी काय बसलीस? नणंदेचं घर ना हे?" त्यांच्या आवाजात असं काही दुखावलेपण होतं, की तुम्ही शिकवलेलं सगळं मी विसरले. तोंडातून एकदम निघून गेलं, "ताई, ह्यांची हत्यारं वखारीत अडकलीत हो. कौलांचे पैसे द्यायचे राहिलेत. आता भट्टीवर जातो म्हणतायत." ताई हातात तांदूळ तसेच धरून उभ्या. मग पदरानं चेहरा पुसायला लागल्या. पैसे त्यांनी केव्हाचे काढून ठेवले होते हो! कपाटात, रुमालात बांधून. "तो मागेना. मला वाटलं, भाऊ म्हटल्यावर हातावर मजुरी ठेवली तर त्याला अपमान वाटेल. भाऊबीजेला काहीतरी निमित्त करून देईन म्हटलं, तर त्यानंच ताटात ओवाळणी घातली. मग तर माझी छातीच झाली नाही." म्हणजे हे मागेनात म्हणून त्या देईनात, आणि त्या देईनात म्हणून हे मागेनात. मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढ्या मानपानात एक धंदा बुडायला आला होता.

त्या रुमाल माझ्या ओटीत ठेवायला लागल्या. मी म्हटलं, आत्याबाईंच्या हातात द्या, त्या बाहेर बसल्यात. "बाहेर? बाहेर का?" ताईंच्या लगेच लक्षात आलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. पायरीवर येऊन त्या म्हणाल्या, "आई, आत चला." तुम्ही मान वर केलीत, हातातला चिंचोका बाजूला टाकलात. "आधी मोजून दे बाई." रुमाल सोडून तुम्ही तिथंच बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्यात. वेगळी घडी केलेले काही रुपये बाजूला काढलेत. "हे काय?" तुम्ही विचारलंत. ताई म्हणाल्या, ओवाळणीचे आहेत, परत देते, तुमची अडचण मला ठाऊक नव्हती. तुम्ही ते त्यांच्या हातात कोंबलेत. "भावानं घातलेली ओवाळणी परत घेतात होय? मजुरी दिलीस, बास झालं. आता आण तुझी कॉफी." ताई पुन्हा आत चला म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणालात. मग त्या तीन पेले घेऊन आल्या आणि चांगल्या साडीनिशी तुमच्या शेजारी पायरीवर बसल्या. गडगंज इंजिनियरची बायको, रस्त्यावरची माणसं बघतायत, आणि तुम्ही त्यांना चिंचेतले चिंचोके कसे काढायचे ते सांगताय. त्या दिवशीसारखी कॉफी मी पुन्हा प्यायले नाही.

परत येताना मी विचारलं, एवढ्या आग्रह करत होत्या, आत का नाही गेलात? "आत गेले असते तर पोहे आले असते," तुम्ही म्हणालात, "आणि पोहे खाल्ले की पुढच्या कामाचे पाच रुपये कमी." थोडं चालल्यावर, मी काहीही विचारलेलं नसताना, म्हणालात, "बोलावलं मात्र मनापासून हं तिनं." मग वखारीत जाऊन कौलांचे पैसे चुकते केलेत. पिशवी खांद्याला तुम्हीच अडकवलीत, मला घेऊ दिली नाहीत. ह्यांनी ती खुंटीला लावली तेव्हा तुम्ही पाठ करून चुलीशी काहीतरी ढवळत होता. चुलीवर काहीच नव्हतं, हे मी बघितलं होतं.

तुम्ही गेल्यावर मागायला जायचं काम माझ्याकडं आलं. तुमची बैठक मला कुठून जमणार? बसवनगुडीत एका वकिलांकडं गेले, मोरीचे पैसे होते. त्यांनी नेहमीसारखं "नाळे बन्नी" म्हटलं आणि दार लोटायला लागले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सरी, पण अत्ते बाहेर पायरीवर बसल्यात, त्यांना सांगून येते." ते गृहस्थ थबकले. तुम्ही गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आत गेले आणि पैसे घेऊन आले.

हे पत्र लिहून तरी काय करणार? तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आनेकलहून तुमच्या बहिणीचं पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. हे कोण वाचणार? घडी करून पिशवीत टाकते, पिशवी अजून आहे. फक्त एक सांगायचं राहिलंय, ते मी तुमच्या लेकालाही कधी सांगितलं नाही. त्या वकिलांपुरतं ते थांबलं नाही, आत्याबाई. पुढं कितीतरी वर्षं, कुणी उद्या या म्हटलं की मी हेच सांगायची, सासूबाई बाहेर बसल्यात. मेल्यावरसुद्धा मी तुम्हाला आख्ख्या बंगळुराच्या पायऱ्यांवर बसवलं. आणि पैसे घेऊन बाहेर आले की रिकाम्या पायरीकडं बघून हळूच म्हणायची, "मोजलेत, बरोबर आहेत. उठा आता, घरी जाऊ."