वाळक्या वेलाचं तोरण

ता. पारनेर, जि. अहमदनगर
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९७३

मानाने मोठ्या आणि वयाने धाकट्या सौ. वन्सं बायडाबाई,

तुम्हाला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे मला बावीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. तुमच्या दादांना विचारलं की ते म्हणायचे, "दोन्ही लिही, लागंल ते ती घेईल." तर दोन्ही घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर अडुळसा द्या. ते घेणार नाहीत, तरी द्या.) मी बरी आहे. डावा दंड तेवढा सुजला आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आधीच लिहून ठेवते की हे पत्र तुम्हाला बोलावण्यासाठी नाही. दादा गेल्यापासून दोन दिवाळ्या तुम्ही आला नाहीत. त्या दारात पाय उचलत नाही, असा तुमचा निरोप आला आणि तो मला कळला. माझाही कधीकधी उचलत नाही, पण मला आत राहायचं असतं म्हणून उचलावा लागतो. तो विषय संपला. पत्राचं कारण म्हणजे, वन्सं, आपलं दार! आपलं दार अख्ख्या गावात गाजलं!

झालं असं. मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (अक्षरं मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे मला निम्म्या गोष्टींची सुरुवात माहीत नाही आणि निम्म्यांचा शेवट.) दसऱ्याआधी राधाकृष्ण वाण्याकडून गूळ आणला, त्याचा कागद कुठल्याशा मासिकाचा निघाला. शरद ऋतूत घर कसं सजवावं! रानातले वाळके वेल आणि रंगीत फळं आणून चौकटीला बांधावीत, खर्च नाही, शोभा फार. पुढचा भाग गुळाला चिकटून गेला होता. पण मी तेवढं वाचूनच उठून उभी राहिले. कारण तुम्हाला सांगते. दादा दर दसऱ्याला दाराला तोरण बांधायचे, ते खिळे अजून तसेच आहेत. मागच्या साली दुष्काळात गावात कुणाच्याच दाराला झेंडू नव्हता, म्हणून आपले रिकामे खिळे उठून दिसले नाहीत. यंदा पाऊस झाला, फुलं आली आणि खिळे माझ्याकडे बघायला लागले. आता माझ्यासारखीने हिरवं तोरण बांधलं तर लोक बोलणार. पण वाळक्याला कोण काय बोलणार? माझ्यासारखंच ते!

मी कोयता घेऊन निघाले ती थेट ओढ्याला. वन्सं, यंदा ओढा बघायला हवा होता. दोन वर्षं नुसते धोंडे होते, तिथे बाभळींवर शिवलिंगीचे वेल चढलेत आणि त्यांना लालभडक फळं, अंगावर पांढऱ्या रेघा, जणू कुणी बसून एकेक रंगवलंय. मी ओटी भरून घेतली. मग जाड वेल हवा म्हणून मळ्यातल्या कडुलिंबावरची वाळकी गुळवेल ओढली. ती सोडेना, मीही सोडेना. शेवटी दोघी एकदमच खाली आलो. (मला लागलं नाही. गुळवेलीचं माहीत नाही.) तिच्यात लिंबाच्या चार डहाळ्या गुंतून आल्या होत्या. त्या काढायला गेले तर वेल तुटायला लागला, म्हणून राहू दिल्या. हिरव्यात लाल छान उठून दिसत होतं. इथेच मी माती खाल्ली, पण ते अजून कळायचं होतं.

दसऱ्याला पहाटे सगळं चौकटीला बांधलं. त्या दिवशी कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांच्याच दाराला काही ना काही होतं. दोन दिवसांनी लोकांची तोरणं उतरली, माझं राहिलं. आणि मग माझा मान वाढला! लोक दारावरून जाताना पावलं हळू टाकायला लागले. बन्सी गुराखी गुरांवर ओरडत जायचा, तो मुक्यानं जायला लागला. समोरच्या रंगुबाईनं तर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून हात जोडले. मला वाटलं, आपल्या गावाला शोभेची एवढी कदर आहे आणि आपण उगीच नावं ठेवत होतो.

रंगुबाईनं लांबूनच विचारलं, "केशरबाय, कवापास्नं गं?"

"दसऱ्यापासून."

"आता कसं हाय?"

"वाळत चाललंय. हात तेवढा लावू नकोस, आणि कुणाला आतही येऊ देऊ नकोस. धक्का लागला की गळतात."

"नाय नाय, माजी आई, कोन येतंय!" असं म्हणून ती जी पळाली! संध्याकाळी उंबऱ्याबाहेर दहीभाताची वाटी ठेवलेली. मी खाल्ला. चांगला होता, मीठ कमी होतं. दुसऱ्या दिवशी तीन वाट्या आल्या. तरीही, वन्सं, माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. घरात कुणाला देवी आल्या की दाराला लिंबाचा डहाळा लावतात, त्या घरात कुणी जात नाही, आणि देवीसाठी थंड दहीभात ठेवतात, हे मी लहानपणापासून बघत आले. पण वाचून केलेल्या कामात आपण चुकू, हे माझ्या मनातच येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी सायकलवरून देवी टोचणारा डॉक्टर आला. मागे पोलीस पाटील काकासाहेब, त्यांच्या मागे उपरण्यानं तोंड झाकलेली अख्खी आळी. डॉक्टर म्हणाला, "बाई, घाबरू नका. पेशंट कुठंय?" मी म्हटलं, घरात मी एकटी आहे आणि मला खाज सुटली आहे ती तुमच्या गर्दीची. त्यानं माझे हात बघितले, घर बघितलं, कणगीमागं बघितलं. मग दारातलं एक फळ तोडून चष्म्यापाशी नेलं आणि म्हणाला, "पाटील, हा वेल आहे." मी म्हटलं, एवढं तर ते फळ न तोडताही कळलं असतं.

पण तो भला माणूस होता. म्हणाला, आलोच आहे तर सगळ्यांना टोचून जातो. आपल्या ओट्यावर त्यानं मांड ठोकली आणि एक्केचाळीस माणसं टोचली. पहिली मी. काकासाहेब दिसेनात. ते शेजारच्या गव्हाणीत सापडले, कडब्यातून पटका वर आला होता. टोचल्यावर त्यांना जोर आला. म्हणाले, "केशरबाय, ह्ये काडून टाका. तुमच्या दाराला आता शोभा कशापायी?" मी काही बोलायच्या आत रंगुबाई दंड चोळत पुढे झाली. "पाटील, शोभा तिच्या दाराला न्हाई, तर काय तुमच्या गव्हाणीला?" आळी अशी हसली की डॉक्टरची सुई थांबली.

लिंबाच्या डहाळ्या मी तिथल्या तिथे काढल्या. वेल ठेवला. सगळ्यांचे दंड सुजलेत आणि सगळे मला नावं ठेवतात, पण आता ओट्यावर बसून ठेवतात. वन्सं, दादांना बाहेर काढलं त्या दिवसानंतर आपल्या ओट्यावर एवढी माणसं पहिल्यांदा बसली. मी एक्केचाळीस जणांचा चहा केला. कप पुरेनात म्हणून दादांचा तो कान तुटलेला पेलाही काढला. दोन वर्षं तो फळीवर पालथा होता. कुणाला दिला ते बघितलं नाही. परत आल्यावर धुऊन ठेवला, पण यावेळी सुलटा.

बाकी सर्व ठीक. दाजींना व पोरांना जे ज्याला लागेल ते सांगावे.

आपली,
केशर

ता. क. तुमच्याकडे मिरजगावच्या बांधांवर कवंडळं पिकली असतील. माझ्या वेलाला मधोमध चारपाच नारिंगी कवंडळं हवीत. टपालानं पाठवू नका, फुटतात. एस.टी.त कुणाजवळ देऊ नका, लोक दाबून बघतात. ती मांडीवर घेऊनच आणावी लागतात.

ता. क. दुसरा. वर लिहिलं ते खोटं आहे. पत्र तुम्हाला बोलावण्यासाठीच आहे, आणि तोरणही. दारात पाय उचलत नाही म्हणालात, म्हणून दार बदलून बघितलं. खिळे दादांचेच आहेत.

ता. क. तिसरा. भाऊबीजेला ओवाळायचं कुणाला, हे मीही जाणते. भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात, आणि दोन वर्षं तुम्ही तिथून ओवाळत असाल. त्या दिवशीची कोर बारीक असते आणि लवकर मावळते. आपल्या ओट्यावरून ती लिंबाच्या शेंड्याशी नीट दिसते. काल मी वर चढून आडवी येणारी फांदी छाटली. फळं रोज दोनतीन गळतात. मोजून ठेवलीत, तोवर पुरतील.