गॅप येतच न्हाय

मंगळवार, संध्याकाळ

सायली आज केबिनमध्ये आली ती माफी मागतच. शाहूवाडीची पोरगी, माझ्याकडे पीएचडी करते. हुशार आहे, पण स्वतःवर भरवसा म्हणून नाही. "सर, माझंच कायतरी चुकतंय. गॅप येतच न्हाय."

कार्बनची अगदी अरुंद नळी तिला दिली होती. नियमाप्रमाणे ती अर्धवाहक, म्हणजे ऊर्जेत गॅप, इलेक्ट्रॉनांना मज्जाव असलेला पट्टा, दिसायलाच हवा. हिनं आठवडाभर तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा चालवली. उत्तर दर वेळी धातूचंच, गॅप नसलेलं. दर वेळी स्वतःलाच दोष.

अगं, तो नियम कार्बनच्या सपाट जाळीवरून काढलेला, जी गुंडाळून नळी होते! जाळी इतकी घट्ट गुंडाळली की इलेक्ट्रॉनांची मांडणीच बदलते, गॅप मिटतो. तिचं उत्तर पहिल्याच दिवशी बरोबर होतं. तसं सांगितलं. वाटलं, खूश होईल.

"मग आठवडाभर रडलो कशाला सर मी?"

तेव्हापासून तेच डोक्यात. नियमावर एकदाही संशय कसा आला नाही हिला?

कसा येणार? वर्गात नियम मी फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारून. अपवाद तोंडी सांगतो. तोही तास संपल्यावर, डस्टर हातात घेऊन.