प्रतिकूल बाजू

जळोची, बारामती
शुक्रवार

प्रिय छकुली,

लिफाफ्यावर तुझं खरं नाव लिहिलं, पण आतल्या कागदावर हात आपोआप छकुलीवरच गेला. इंदापुरात आता तुला या नावानं कोण हाक मारणार? सासू झालीस असं ऐकलं. हे पत्र इकबालभाईंकडे देते आहे, उद्या त्यांचा टेम्पो दुकानाचा माल घेऊन तुमच्या बाजारात येतो. तू इतक्या वेळा फोन केलास आणि मी उचलला नाही, याचा राग धरू नकोस. फोनवर मी रडले असते, आणि मी रडले की तू माझ्या बाजूनं बोलायला लागतेस. ते मला नको होतं.

रामहरीचं तुला अर्धंच माहीत असेल. गेल्या गळीत हंगामात तो कारखान्यातून मोटारसायकलवर घरी येत होता. काटेवाडीच्या अलीकडे कडेला उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, आणि दिवस मावळलेला. हेल्मेट होतं, तरी व्हायचं ते झालं. ऑपरेशननंतर घरी आणला तो गळ्याला भोक आणि पोटाला नळी घेऊन. डोळे उघडे असायचे, पण ते कुणाकडे बघत नव्हते. नळीतून पेज द्यायची, मशीननं गळ्यातला कफ ओढायचा, ठरल्या वेळी कूस बदलायची. पाठीला जखम होऊ दिली नाही, याचा मला अभिमान वाटायचा. कॉलेजात तास घेताना मध्येच तो अभिमान आठवायचा आणि लाज वाटायची, की नवऱ्याची पाठ म्हणजे काय परीक्षेतले गुण आहेत?

सासूबाई त्याच्या तळपायांना खोबरेल चोळत बसायच्या आणि मुद्दाम त्याला चिडवायच्या, 'आरं ए, सगळ्या जळोचीत बिल्डिंगा झाल्या, आता तुझं बी रान इकून टाकते बघ. न्हाय म्हन की एकदा!' रान विकायचं म्हटलं की तो आधी उठून भांडायचा ना, म्हणून. रोज तेच. रोज थोडं थांबून त्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग दुसरा पाय घ्यायच्या.

या महिन्यात छातीत न्यूमोनिया झाला. आता तो बारामतीत दवाखान्यात आहे, श्वास यंत्राचा आहे. डॉक्टर तरुण आहेत, फार नीट बोलतात. मेंदूचं जे गेलं ते परत येणार नाही, असं त्यांनी श्रेयाला आणि मला समोर बसवून सांगितलं. हल्ली कायद्यानं वाट आहे. डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तपासायचं, घरच्यांनी संमती द्यायची, मग यंत्र काढायचं. दोन्ही मंडळांचं मत झालं आहे. राहिली आहे माझी सही, ती सोमवारी. सहीआधी ते विचारतात, पेशंट स्वतः याविषयी कधी काही बोलला होता का?

छकुली, मला वाटलं होतं घरात भांडण होईल. मी त्याची तयारी केली होती. पण श्रेया म्हणाली, 'आई, बाबांना सोड आता.' धाकटे दीर म्हणाले, 'वैनी, तुमी म्हणाल तसं.' सासूबाई तरी अडवतील असं वाटलं. त्यांनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, 'तू शिकलेली हायस. तूच ठरव बाय. मला इचारू नगंस.' एवढ्या माणसांत विरोध करायला एकजण निघाला नाही. सगळे मला समजून घेतात. या समजून घेण्यानं माझा जीव गुदमरतो.

तुला सरांची पद्धत आठवते? वादविवाद स्पर्धेला कॉलेजतर्फे आपण दोघी जायचो, एक अनुकूल, एक प्रतिकूल, आणि कोण काय बोलणार हे सर आधी सांगायचेच नाहीत. एसटी सुटली की त्यांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकायचे. म्हणायचे, घरून मत घेऊन आलेल्या माणसाला वादविवाद येत नाही. इंदापूरच्या त्या स्पर्धेला विषय होता दयामरणाचा. मला अनुकूल निघालं, तुला प्रतिकूल. तू निम्म्या वाटेपर्यंत रुसून बसली होतीस, कारण तुझ्या आजोबांचे हाल तू नुकतेच पाहिले होतेस आणि तुला माझी बाजू हवी होती. सर म्हणाले, 'मग तर तूच प्रतिकूल बोल.' ढाल आपण आणली.

रामहरी त्या सभागृहात मागच्या रांगेत होता. टाळी त्यानं सुरू केली होती, माझ्या नव्हे, तुझ्या भाषणाला. लग्नानंतर जन्मभर मला चिडवायचा, 'टाळी दिली छकुलीला, अन् गळ्यात पडलीस तू.' कोणत्या वाक्याला ती टाळी पडली, हे आपल्या दोघींना माहीत आहे. तू विचारलं होतंस, 'अध्यक्षमहाराज, मरण रोग्याला हवं असतं, की झोप नातेवाइकांना हवी असते?'

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, नाही, तो कधी काही बोलला नव्हता. खरंच नव्हता. पण टाळी हे बोलणं आहे का? का विसाव्या वर्षी पोरं कुठल्याही झणझणीत वाक्याला टाळ्या देतात, तशीच ती एक? मी मुलांना तर्कशास्त्र शिकवते आणि मला हे ठरवता येत नाही.

रोजनिशीत मी दोन्ही बाजू पुनःपुन्हा लिहिते आहे. पण रोजनिशी उलट बोलत नाही. माझे विद्यार्थी आता मुद्दे मोबाईललाच विचारतात. ऊसतोडणीचं यंत्र असावं की नसावं, विचारलं की दोन्ही बाजू तयार. शेवटी मीही विचारलं. सारख्या लांबीचे दोन परिच्छेद आले, आणि खाली एक ओळ, की अंतिम निर्णय कुटुंबानं घ्यावा. कायद्याच्या बाजूनं मी आजही तासभर बोलेन. ज्या यंत्रानं बरं करता येत नाही, त्यानं माणसाला नुसतं थांबवून ठेवू नये. मंडळं आहेत, घाई नाही, कुणाचं एकट्याचं चालत नाही. हे सगळं मला पटतं. पण दुसरीकडे मला हेही दिसतं, की एकदा ही वाट मळली की तिच्यावर आधी कोण जाईल? जिला बघायला कुणी नाही अशी म्हातारी, ज्यांना 'तुमी म्हणाल तसं' याशिवाय दुसरं वाक्य येत नाही अशी माणसं. आणि मला माझी बाजू इतकी चांगली येते, म्हणूनच तिच्यावर माझा विश्वास नाही. तिनं मला एकदा ढाल मिळवून दिली आहे.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. रामहरीला दवाखान्यात भरती केलं त्या दुपारी मी घरी आले. खोलीतलं कफाचं मशीन बंद होतं. त्याच्याच पलंगावर मी आडवी झाले आणि मला झोप लागली. एवढी गाढ, की श्रेयानं हलवून उठवलं. उठले तेव्हा अंगात बरं वाटत होतं. छकुली, बरं वाटत होतं. त्या क्षणापासून तुझं वाक्य माझा पिच्छा सोडत नाही.

म्हणून हे पत्र. तू सोमवारी सकाळी बारामतीला ये. मला धीर द्यायला नको, तो सगळेच देतात. त्याच्या खाटेशी उभी राहा आणि प्रतिकूल बाजू बोल, तेव्हा बोलली होतीस तशी, ते वाक्यसुद्धा, माझ्याकडे बघून. मी मध्ये बोलणार नाही. सही मी बहुतेक करणारच आहे. तू आलीस तरी, न आलीस तरी. पण त्यानं ज्या बाजूला टाळी दिली होती, ती त्याच्यापुढे एकदाही मांडली न जाता हे संपू नये. टाळी वाजणार नाही हे मला माहीत आहे. तरी ते वाक्य झालं की थोडी थांब, आणि मग पुढे बोल.

तुझीच,
अनुकूल बाजूची लीला