आइसलँडचा पाहुणा आणि सोनेरी मादोन्ना

फ्लॉरेन्स, १७ नोव्हेंबर

आदरणीय एर्सिलिया आत्या,

तुला नेरीचा मनापासून नमस्कार. पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी क्षमा कर. सप्टेंबरात मागितलेलं उत्तर नोव्हेंबरात देणाऱ्याला "कामात होतो" असं सांगण्याची सोय असते, पण मी कामात नव्हतो. रोज संध्याकाळी टेबलाशी बसून पत्र सुरू करत होतो आणि "तुझी प्रकृती कशी आहे" याच्या पुढे सरकत नव्हतो. तर, तुझी प्रकृती कशी आहे? त्रिएस्तेत बोरा वारा सुटल्याचं बातम्यांत पाहिलं. एक बाई दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी होती. ती तू नव्हतीस अशी आशा आहे. (कोट तुझ्यासारखाच होता. पण तू खांबाला धरणाऱ्यांतली नाहीस. वारा फार झाला तर खांबच तुला धरेल.) मांजर कसं आहे? मी बरा आहे. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणं चालू आहे. परवा एका नकाशात बोलिव्हियाला समुद्रकिनारा मिळालेला आढळला. तो काढून घेताना जरा वाईट वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. तू फोनवर सांगितलं होतंस: तुझी लेक ओर्सोला औषधशास्त्राची पदवी घेऊन, मार्गदर्शकाचा परवाना काढून, त्या नदीकाठच्या मोठ्या संग्रहालयात परक्या लोकांना चित्रं दाखवत फिरते, ते तिला खरंच जमतं की नुसतं खूळ आहे, हे नेरीने स्वतः बघून यावं. जमत नसेल तर तिला परत त्रिएस्तेला बोलावून तुमच्या औषधांच्या दुकानात बसवायचं. जमत असेल तर दुकान विकून मोकळं व्हायचं. दुकानाचं गिऱ्हाईक डिसेंबरातल्या सान निकोलोच्या जत्रेपर्यंतच थांबणार आहे. आणि हे लेखी कळवायचं, कारण फोनवर नेरी नुसता "तसं म्हटलं तर" म्हणत राहतो. आरोप खरा आहे. पण एका मुलीचं पुढचं आयुष्य माझ्या एका कागदावर ठरणार, ही गोष्ट मला वाटली होती त्याहून जड निघाली. मी साध्या स्वल्पविरामावर दोन दिवस विचार करणारा माणूस, हे तुला माहीत असून तू मलाच निवडलंस. कदाचित म्हणूनच निवडलं असशील.

उघडपणे गेलो असतो तर तिने माझ्यासाठी वेगळं काम करून दाखवलं असतं, आणि तो पुरावा धरता आला नसता. म्हणून वेषांतर करून जायचं ठरवलं. (ती दर रविवारी आमच्याकडे जेवते, माझ्या समोरच्या खुर्चीत बसते, हे मी त्या वेळी पुरेसं लक्षात घेतलं नाही.) छोट्या गटात जागा घेतली ती ओलाफ या नावाने. देश आइसलँड निवडला, कारण तिथे माणसंच कमी. गाठ पडण्याची शक्यता कमी. कोळ्यासारखी टोपी आणि काळा चष्मा मिळवला. शिवाय मोज्यांवर सँडल घातले, कारण परदेशी माणूस आपल्याला त्यावरून ओळखू येतो. आत्या, आपल्या गल्लीतून तसं चालण्याचा धीर झाला नाही. सँडल पिशवीतून नेले आणि पुलाच्या टोकाला बदलले. तरीही मासळीवाल्या तेरेझिनाने पाहिलंच. तिने दुकानाचं दार लोटून घेतलं.

संग्रहालयाच्या दारासमोर ही गर्दी होती. कुणी रांगेत, कुणी रांगेला विचारणाऱ्यांच्या रांगेत. आपल्यापैकी कुणी तिथे जात नाही, कारण घरचंच आहे, कधीही जाता येईल. मी शेवटचा गेलो होतो तो शाळेच्या सहलीत. ओर्सोला आली ती झेंड्याऐवजी मक्याचा पोलेंटा ढवळायचा लांब लाकडी चमचा उंच धरून. (तुझ्या स्वयंपाकघरातला हरवला होता तो हाच असावा. नोंद करून ठेवतो.) तिने प्रत्येकाच्या कानात बसवायचं छोटं यंत्र वाटलं, म्हणजे ती कुजबुजली तरी ऐकू यावं. माझं यंत्र देताना तिने खाली पायांकडे पाहिलं आणि मान डोलावून पुढे गेली. मला वाटलं, वेषांतर जमलं.

गटात कॅनडाचा एक दातांचा डॉक्टर आणि त्याची बायको होती. या बाई आइसलँडला तीनदा जाऊन आल्या होत्या. मी आइसलँडच्या कुठल्या भागातला, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "डावीकडच्या." त्या म्हणाल्या, "म्हणजे समुद्राच्या बाजूच्या?" मी म्हणालो, "नाही, थोडं आत." नंतर जिना चढताना त्या नवऱ्याला काहीतरी सांगत होत्या आणि तो माझ्याकडे फार सहानुभूतीने बघत होता.

पहिल्या दालनापर्यंत मी ओर्सोलाचे दोष मनात टिपत होतो, ते प्रामाणिकपणे लिहितो. ती भरभर बोलते. जिन्यावर मागे वळून बघत नाही. गर्दीत शिरताना माफ करा म्हणते, पण कोपर आधी जातं. (हे घराण्यातलं आहे.) मग आम्ही त्या मोठ्या दालनात आलो, जिथे मांडीवर बाळ येशू घेतलेल्या तीन प्रचंड मादोन्ना समोरासमोर आहेत: दोन आपल्या फ्लॉरेन्सच्या माणसांच्या आणि एक सिएनावाल्याची, सोनेरी पार्श्वभूमीची, आपल्याच शहरातल्या एका देवळासाठी रंगवलेली. ओर्सोला त्या तिसऱ्या चित्रासमोर थांबली आणि म्हणाली, "फ्लॉरेन्सवाल्यांना सगळ्यात सुंदर मादोन्ना हवी होती, तेव्हा त्यांनी सिएनाहून चित्रकार बोलावला. यावरून काय ते समजा."

आत्या, मी आइसलँडचा होतो. मला त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. पण नदीपलीकडच्या आपल्या अस्सल बोलीत, भर दालनात, माझ्या तोंडून निघालं, "काय समजा? स्वस्तात आला म्हणून बोलावला."

कॅनडाच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, आइसलँडच्या शाळा चांगल्या आहेत. ओर्सोलाने माझ्याकडे पाहिलंही नाही. शांतपणे गटाला त्यांच्या भाषेत सांगितलं, "हे गृहस्थ म्हणतात, चित्रकार स्वस्तात मिळाला."

तिथेच थांबायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. रोजनिशीत तसं लिहिलंही आहे. पण मी म्हणालो, "सिएनावाल्यांना माणूस काढताच येत नाही. सोनं फासलं की चेहऱ्याचे कष्ट वाचतात." तिने त्याचंही भाषांतर केलं, एक शब्द न गाळता. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिथला रखवालदार ब्रुनेत्तो उठला. (तोही नदीपलीकडचाच, हे पहिल्या शब्दावरून कळलं.)

"साहेब बरोबर बोलतायत. आपल्या माणसाची ती समोरची बघा. बाई बसली आहे म्हणजे बसली आहे, वजन दिसतं. आणि ही? तरंगतेय."

"ब्रुनेत्तो, तुम्ही रोज तिच्याच समोर बसता," ओर्सोला म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय. रोज वाटतं, आज पडणार."

"मोंतापेर्ती," ओर्सोला म्हणाली. एवढंच.

"ते नाव इथे काढायचं नाही. माझं जेवण व्हायचंय."

ओर्सोला गटाकडे वळून म्हणाली, "साडेसातशे वर्षांपूर्वी मोंतापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सला हरवलं. या गृहस्थांचं जेवण अजून व्हायचं आहे."

मी तिच्या इतका जवळ गेलो होतो की माझं सगळं बोलणं तिच्या यंत्रातून सगळ्यांच्या कानांत चाललं होतं. दुसऱ्या दोन गटांतले लोकही आमच्याकडे सरकले होते. अशा वेळी माणसाने पुढचं वाक्य गिळावं. मी ते बोललो. म्हणालो, "सिएनावाल्यांचं कसब एकच, फ्लॉरेन्समधलं सगळ्यात चांगलं ते उचलायचं आणि पळ काढायचा."

बोलून झाल्यावर मला कळलं की हे वाक्य माझं नाही. आपल्या घरात आजोबा हे वाक्य अंब्रोजो आतोबांबद्दल म्हणत असत, तू सिएनाच्या त्या औषधवाल्याशी लग्न करून त्रिएस्तेला निघून गेलीस तेव्हापासून, दर नाताळात, पानफोर्ते कापताना. (सुकामेव्याचा तो केक, पानफोर्ते, सिएनाचाच. खायचे मात्र.) मी ते लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की त्याचा अर्थ कधी तपासलाच नाही. ओर्सोलाने ते कुठे ऐकलं होतं, मला माहीत नाही, पण ऐकलं होतं. ती प्रथमच अडली. मग तिने त्याचंही भाषांतर केलं, पूर्ण आणि नीट, आणि शेवटी म्हणाली, "माझे वडील सिएनाचे होते. त्यांनी उचललं ते आयुष्यभर नीट सांभाळलं."

यानंतर तिने जे सांगितलं ते मी तुला शब्दशः लिहितो. ती म्हणाली, "सोनं डोळ्यांसाठी लावलेलं नाही, मेणबत्तीसाठी लावलेलं आहे. या चित्रासमोर असा उजेड कधी नव्हता आणि असं ताठ उभं कुणी राहत नव्हतं. ज्याच्या घरी कुणी आजारी आहे, तो अंधारात गुडघे टेकून जिथून वर बघेल, तिथून हे रंगवलंय. तेवढं खाली या आणि मग बघा." हे शब्द कुणाचे, ते तू मला सांगशील. मला फक्त एवढं आठवतं की आतोबा दुकानाच्या मागच्या खोलीत औषधाच्या पुड्या बांधताना असंच बोलत, हात न थांबवता.

सगळे खाली गेले. दातांच्या डॉक्टरांचे गुडघे वाजले ते सगळ्यांच्या कानांत ऐकू आलं. ब्रुनेत्तो म्हणाला, जमिनीवर बसायला मनाई आहे. ओर्सोला म्हणाली, "बसलो नाही, वाकलोय." त्याने विचार केला आणि वाकण्याबद्दल काही सूचना आलेली नाही हे मान्य केलं. आणि आत्या, खालून ती तरंगत नव्हती. ती वाकून बघत होती. गर्दी तेवढीच होती, माझ्या पाठीला कुणाची तरी पिशवी घासत होती, आणि ती बाई वाकून नेमकं कोण आजारी आहे ते विचारत होती. वर पाहिलं तर ब्रुनेत्तो दालनात साहेब कुणी नाही ना हे बघून हळूच खाली झुकत होता. परत बसताना म्हणाला, "तरी समोरची जास्त चांगली आहे."

पुढचं काही मला नीट आठवत नाही. शिंपल्यातल्या देवीच्या दालनात सगळे हात वर करून फोटो काढत होते, तिथे ओर्सोलाने आम्हाला आधी चित्राकडे पाठ करून बघणाऱ्यांचे चेहरे बघायला लावलं, हे आठवतं. बाहेर आल्यावर सगळे गेले आणि ती मला म्हणाली, "नेरीदादा, आइसलँडला मोजे असेच घालतात का?" मग आम्ही कोपऱ्यावरच्या गाड्यावर आतड्यांचे पाव खाल्ले. तिने तुझ्याबद्दल एकच विचारलं: आईने पाठवलं ना? मी म्हणालो, तसं म्हटलं तर. ती हसली आणि पावातला सगळा हिरवा रस माझ्या बाहीवर सांडला.

तर माझा अहवाल असा: तिला जमतं. भर गर्दीत स्वतःच्या बापावरच्या टोमण्याचं जी मुलगी चोख भाषांतर करते आणि मग सगळ्यांना गुडघ्यांवर आणते, तिला दुकानात खोकल्याच्या गोळ्या विकायला बसवणं योग्य होणार नाही. दुकान वीक. हे मी पूर्ण विचारांती आणि कोणत्याही बाजूने न झुकता लिहीत आहे.

तुझा आज्ञाधारक,
नेरी

ता. क. वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं आणि तसंच पाठवणं बरोबर वाटेना. मी तिथे एकदाच गेलो असं पत्रावरून वाटतं. त्यानंतर दर शनिवारी गेलो. त्या कॅनडाच्या बाईंनी कुठेतरी लिहिलं म्हणे, आणि पुढच्या गटातल्या लोकांनी जिन्यातच विचारलं की आइसलँडचे गृहस्थ कुठल्या दालनात चिडतात. तेव्हापासून मी ओलाफ आहे. सँडल आता घरूनच घालून निघतो. म्हणून माझं मत तटस्थ धरू नकोस. त्यातून वाटेल तेवढं वजा कर. मात्र "तिला जमतं" हे मी पहिल्याच दिवशी, पाव खाण्यापूर्वी, पायऱ्यांवर उभ्या उभ्या रोजनिशीत लिहिलं होतं. ते वजा करू नकोस.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. त्या दालनात फ्लॉरेन्सची बाजू आता फार जड झाली आहे: मी आहे, ब्रुनेत्तो आहे, आणि खालच्या तिकीटखिडकीवरची एक बाईही सुट्टी काढून वर येते. समोर एकटी ओर्सोला. मार्गदर्शकाने खरं तर मध्ये उभं राहायचं असतं, पण दुसरं कुणी नाही म्हणून ती स्वतःच भांडते आणि तिचा घसा बसतो. ती तुला कधी बोलावणार नाही. तू नको म्हणशील अशी तिला भीती आहे. म्हणून तिला न विचारता मी पुढच्या शनिवारच्या गटात तुझ्या नावाने एक जागा धरली आहे. दुकानाच्या गिऱ्हाइकाला तोवर थांबव. दुसरं कुणी सुचत नाही, आत्या. आपल्या अख्ख्या घराण्यात सिएनाची बाजू आजवर फक्त तूच घेतली आहेस.

रोजनिशीत लिहून ठेवलं आहे, उद्याचं काम: स्टेशनवर जाऊन त्रिएस्तेहून शुक्रवारी येणाऱ्या गाडीची वेळ विचारणे.