काठी धरायला येऊ नगंस

ता. २ एप्रिल १९६८

चि. कृष्णात यास आण्णांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. मिरजेला दवाखान्यात नोकरीला राहिल्यापासून तू घरी फिरकला नाहीस. झाले गेले विसरावे. तू ख्रिस्ती झालास त्याचा राग आता कुणाच्या मनात नाही. चैत्राची यात्रा जवळ आली. जोतिबाच्या सासनकाठीला पहिला हात आपल्या घराचा, आणि माझ्या खांद्यात आता बळ उरले नाही. तेव्हा थोरल्या मुलाने यावे, ही रीत तुला ठाऊक आहे. आदल्या दिवशी ये. एकटाच ये. तुला कुणी बोटही लावणार नाही. हौसाच्या लग्नाचेही बघायचे आहे.

हस्ते हौसा.

त्याच दिशी, दिवस कलताना

दादास हौसाचा नमस्कार.

सकाळचं पत्र मी लिवलं, पन त्यातलं शब्द माजं न्हाईत. आण्णाचंबी न्हाईत. यात्रा कमिटीचं गणपतराव सोप्यात बसून सांगत हुतं, आण्णा नुसती मान हालवत हुतं. लिवून झाल्यावर त्यांनी वाचून बगितलं आनि सोता पेटीत टाकतो म्हनून खिशात घातलं. हे दुसरं मी तानाबाईकडं देतोय. ती भाजी घिऊन कोल्लापूरला जाती, तितल्या पेटीत टाकंल.

हितं बरं हाय. म्हस व्याली, रेडी झाली. आईचा खांदा दुखतोय. गिरनीवाल्यानं आपलं दळान घ्यायचं बंद केलंय, म्हनून आई जात्यावर दळती. हे लिवायचं न्हवतं, लिवलं गेलं.

तू आण्णाला त्यो छापील कागद धाडलातास, आनि लिवलंतंस की यंदाचं साल समद्या जगानं मानसाच्या हक्काचं साल ठरीवलंय. गणपतरावांनी त्यो कागद मागून नेला आनि देवळात मोठ्यानं वाचला. समद्या देशांनी मिळून लिवलंय म्हनं, मानसाला आपला धर्म बदलता येतो. लोक हासलं. तालमीतला केरबा म्हनला, "त्या देशांस्नी म्हनावं, मग काठी उचलायला तुमीच या."

गणपतराव हासलं न्हाईत. म्हनलं, "ह्यात धर्म पाळायचा हक्कबी लिवलाय की. थोरल्यानं काठी धरायची ही आमची रीत. मग आमचा हक्क कुटं गेला?" मी खांबामागं हुतो. पाचवीतनं शाळा सुटली माजी, त्या कागदातलं निम्मं शब्द मला कळलं न्हाईत. घराकडं येताना त्यांच्या बोलन्यावर जबाब सुचला. काठी गावाची हाय, पन हात दादाचा हाय. तवा कुनाला सांगायचं? आईला सांगितलं. ती म्हनली, गप बस.

आता खरं लिवतो. न्हाव्याची शालूबाई काल आईकडं आलती. तिच्या नवऱ्याला वस्तरा घिऊन नदीवर बोलावलंय. काठीला हात लावायच्या आदी तुजं डोकं भादरनार, पान्यात बुडवनार, चुकलो म्हनून तुज्या तोंडनं वदवनार. धरायला तालमीतली पोरं हायत.

आईनं इचारलं, "आनि न्हाय म्हनला तर?"

शालूबाई म्हनली, "तर काय. नदीला पानी हाय की." आनि आईनं दिलेलं वाटीभर कोरड्यास घिऊन गेली.

आण्णाला समदं ठावं हाय. "जरा बुडवून काढत्याल, पोटचं पोर हाय माजं, मी हाय की तितं," असं म्हनत्यात. म्हनताना माज्याकडं बगत न्हाईत.

गडमुडशिंगीचं पावणं मला बगून गेलं. आदी पोराचं मिटवा, मग पोरीचं बोलू, म्हनलं. दादा, मला त्यो पोरगा पसंत हाय. लिवायला लाज वाटती. पन तुला मागनं दुसऱ्याकडनं कळलं तर तू माज्यापायी यील, म्हनून आताच सांगतो. माज्यापायी तर मुळीच येऊ नगंस.

ह्याला जबाब धाडू नगंस. आपल्या घरची टपालं आदी गणपतरावांच्या हातात जात्यात.

तू आला न्हाईस तर यात्रंच्या दिशी घरातल्या एकेकानं देवळात हुबं ऱ्हाऊन म्हनायचं ठरलंय, "कृष्णात आमचा कोन न्हाय." जो म्हननार न्हाय त्यो तुज्यासंगं गावाला मेला. आण्णा म्हनत्याल. आई रडत रडत म्हनंल. मी म्हननार न्हाय. चारचौघांत माजा आवाज फुटत न्हाय हे गावाला म्हाईत हाय, पोरगी लाजती म्हनून घटकाभर वाट बगत्याल. मग त्यांस्नी कळंल.

तुजी सख्खी भैन,
हौसा