बाहेर बूट आहेत का

प्रिय योगिनी,

विकास घरीच आहे. हे आधी लिहिते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस.

मंगळवारी दुपारी आपल्या भावाने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. आत विळी होती. मी फक्त तुला कळवलं, तरी दोघं आले: एक पोलीस आणि केतकी नावाची समुपदेशक. आता अशा वेळी जोडीनेच पाठवतात, असं ती म्हणाली. पोलीस साध्या कपड्यांत, पायात चपला. त्यावरूनच मला संशय आला. सहा वर्षांपूर्वीचे बूट मी विसरलेले नाही. तेव्हा पोलिसांनी विकासला दोरीने बांधून जिन्यावरून उतरवलं आणि अंबरपेठेतली आपली सगळी गल्ली बघत राहिली. केतकी पाय धुवायला गेली तेव्हा मी तिची पिशवी उघडली. दोरी नव्हती, इंजेक्शन नव्हतं. पाण्याची बाटली, दोन केळी, एक वही. वही उघडायचा धीर झाला नाही.

ती दाराला टेकून फरशीवर बसली आणि आपल्या इथल्या दखनीत बोलू लागली. "बाहर नक्को आओ, विकासभाई. ऐसेइच बात करेंगे." मला वाटलं, ही गोड बोलून कडी काढायला लावणार आणि जिन्यात बसलेला पोलीस आत घुसणार. म्हणून मी घराच्या उंबऱ्यात त्याची वाट अडवून उभी राहिले. तासाभराने विकासने आतून विचारलं, बाहेर बूट आहेत का. केतकीने उत्तर मला द्यायला लावलं. चपला आहेत, मी म्हणाले. कडी निघाली. विळी त्याने माझ्या हातात दिली. पोलीस जागचा हललाही नाही.

केतकी दर गुरुवारी येणार आहे. काल तिने वहीत बघत विचारलं, मागच्या वेळी पोलिसांना कुणी बोलावलं होतं. विकास माझ्याकडे बघत होता. मी नेहमीप्रमाणे खालच्या दत्तोबांचं नाव सांगितलं. तिने ते लिहून घेतलं नाही. तिला काय ठाऊक आहे, हेच कालपासून माझ्या डोक्यात आहे.

दत्तोबांशी तू सहा वर्षं बोलली नाहीस. त्यांच्या मुलीच्या लग्नालाही आपल्यातलं कुणी गेलं नाही. फोन मी केला होता, योगिनी. विकासच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. विळी आहे असं मीच सांगितलं, लवकर यावेत म्हणून. येत्या गुरुवारी केतकीसमोर हे त्याला सांगणार आहे. त्याने पुन्हा दार लावून घेतलं, तर फोन तूच कर, मंगळवारी केलास तसा. फोनवर माझ्या तोंडून खरं निघेल, याचा मला भरवसा नाही.

अजूनही म्हणू देशील तर तुझीच,
त्रिवेणीताई